पातेल्यावर नाव, झाकणावर नाही

लग्नाच्या पंगती उठतात, मांडव उतरतो आणि गावकीची भांडी मोजून परत करायची वेळ येते. पातेली बरोबर भरतात. प्रत्येकाच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव असतं : कुणी दिलं, कधी दिलं, कुणाच्या स्मरणार्थ दिलं. वाद होतो तो झाकणांवरून. मोजली तर तेवढीच असतात, पण एक बसत नाही, दुसरं खुळखुळतं, तिसरं भलत्याच घरचं निघतं. झाकणावर नाव घालायचं कुणाच्या डोक्यातच आलेलं नसतं.

हा झाकणाचा घोळ मला काही वर्षांपूर्वी अगदी वेगळ्या ठिकाणी भेटला. वडिलांच्या पोटाची ‘दुर्बीण’ करायची होती म्हणून एका दवाखान्यात तपासणीच्या खोलीबाहेर बसलो होतो. दार अर्धवट उघडं होतं. आतून सिस्टरांचा आवाज आला, “मामा, या स्कोपचं बटण कुठंय?” मामांनी स्टीलच्या घमेल्यात हात घातला, एक बटण उचललं आणि म्हणाले, “हे घ्या की. सगळी एकसारखीच हायती.”

बटणं एकसारखी होती, हे खरं. तरी त्या वाक्यात एक मोठी गफलत आहे. ती कळायची तर आधी दुर्बीण उघडून बघावी लागेल.

बासरीसारखं बटण

आपण जिला दुर्बीण म्हणतो ती एंडोस्कोप. अन्ननलिका आणि जठर बघायची दुर्बीण म्हणजे करंगळीएवढ्या जाडीची, साधारण मीटरभर आत जाणारी, हवी तशी वाकणारी काळी नळी. प्रकाश वाकड्या वाटेने नेता येतो हे १९५४ साली ज्यांनी काचेच्या तंतूंची जुडी करून दाखवलं, त्या दोघांपैकी एक नरिंदर सिंग कपानी, आपल्या पंजाबातल्या मोग्याचे. तीन वर्षांनी बेसिल हिर्शोविट्झ यांनी त्याच तत्त्वावरची लवचीक दुर्बीण रुग्णाच्या पोटात घातली. आता तंतूंची जागा टोकावरच्या बारीक कॅमेऱ्याने घेतली आहे.

नळीच्या आत आणखी नळ्या असतात. एक जरा रुंद, जठराच्या दुर्बिणीत बहुधा २.८ मिलिमीटरची. तिच्यातून पोटातला द्राव ओढून घेतात आणि तुकडा काढायचा चिमटाही तिच्यातूनच जातो. हवेची आणि पाण्याची नळी त्याहून बारीक असते. तिच्यात धुण्याचा ब्रशही शिरत नाही.

या नळ्यांचा कारभार दोन बटणांकडे असतो. हवा-पाण्याचं बटण बासरीसारखं आहे. त्याच्या डोक्यावर एक भोक असतं आणि पंपाची हवा एरवी तिथून निसटून जाते. डॉक्टरांनी भोकावर नुसतं बोट ठेवलं की हवेला वाट उरत नाही, ती टोकाकडे जाते आणि पोट फुगतं. तेच बटण दाबलं की आतला दांडा खाली सरकतो, हवेची वाट बंद होते, पाण्याची उघडते आणि कॅमेऱ्याची काच धुतली जाते. दुसरं बटण ओढून घेण्याचं. ही बटणं म्हणजे व्हॉल्व्ह. तिसरा सुटा भाग म्हणजे चिमटा घालायच्या तोंडावरची रबरी टोपी. तिला चीर असते. चिमटा आत जातो, पण द्राव उलटा बाहेर येत नाही.

तीनही भाग बोटाच्या पेराएवढे. तरी खाचा, कडा, रबरी कड्या आणि चिरा यांनी भरलेले. पोटातला चिकट स्राव अडकून बसायला याहून सोयीची जागा नाही.

खव्याची कढई आणि दुर्बिणीची आंघोळ

कुंथलगिरीच्या खव्याचं नाव ऐकलं नाही असा माणूस आपल्या धाराशिव जिल्ह्यात मिळणं कठीण. भूम भागात भट्टीवर काम करणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही : खवा उतरवला की कढई लगेच घासायची. तासभर थांबलात तर तळाशी धरलेली साय खरवडूनच काढावी लागते. दुर्बिणीचंही तेच. तपासणी संपताक्षणी, रुग्ण अजून टेबलावर असतानाच, नळी बाहेरून पुसतात आणि आतून साबणपाणी ओढतात. मग ती धुण्याच्या खोलीत जाते. तिथे आधी पाण्यात धरून आत हवा भरतात. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसं बुडबुडे बघतात, कारण नळीला भोक असेल तर धुण्याचं पाणीच आत शिरून तिचा सत्यानाश करेल. नंतर बटणं आणि टोपी काढून, प्रथिनं विरघळवणाऱ्या एन्झाइमच्या पाण्यात सगळं भिजवतात, नळ्यांतून ब्रश फिरवतात, खाचा घासतात.

एवढं झाल्यावरच जंतुनाशक. बऱ्याच ठिकाणी २ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये २० मिनिटं बुडवून ठेवतात, किंवा ओपीए नावाचं द्रावण वापरतात. हा क्रम उलटा चालत नाही, आणि तो का चालत नाही हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. अशी रसायनं प्रथिनांना घट्ट करतात. मळ राहिला असताना जंतुनाशकात बुडवणं म्हणजे धरलेल्या दुधाखाली पुन्हा जाळ लावणं. वरचा थर टणक होतो आणि त्याच्या आडोशाला जंतू सुखरूप राहतात. ओपीए तर चुगलीच करतं : जिथे मळ राहिला असेल तिथे राखाडी डाग उमटतो.

वापरलेल्या दुर्बिणीवर लाखांपासून अब्जांपर्यंत जंतू असू शकतात. त्यातले बहुतेक घासण्याने जातात. जंतुनाशकाचं काम उरलेल्यांना संपवण्याचं.

मग इतका खटाटोप करण्याऐवजी सरळ ऑटोक्लेव्हमध्ये का टाकत नाहीत? ऑटोक्लेव्ह म्हणजे दवाखान्यातला मोठा प्रेशर कुकर, १२१ अंशांची वाफ. पण दुर्बिणीतलं रबर, गोंद आणि कॅमेरा ही उष्णता सोसत नाहीत. बटणांचे बरेच प्रकार मात्र सोसतात. म्हणजे स्कोप एका खोलीत रसायनात, त्याचीच बटणं दुसऱ्या खोलीत वाफेत. मायलेकरांची ताटातूट इथेच सुरू होते.

वाळवायला वेगळं, ओळखायला एकत्र

धुऊन झाल्यावर ठेवण्याचा प्रश्न येतो, आणि खरा पेच तिथेच आहे.

ओली दुर्बीण हा जंतूंचा माठ आहे. उन्हाळ्यात माठ आठवडाभर घासला नाही तर आतून बुळबुळीत लागतो. तो बुळबुळीत थर म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती विणलेलं पांघरूण. दुर्बिणीच्या नळीत तो एकदा बसला की जंतुनाशक वरच्या वर घसरून जातं. अर्ध्या तासात एकाचे दोन होणारा एखादा जंतू रात्री ओल्या नळीत राहिला आणि त्याला सगळं मानवलं, तर आठ तासांत त्याचे ६५ हजार होतात. म्हणून शेवटी नळ्यांतून दाबाची कोरडी हवा सोडतात. अमेरिकेतल्या २०२१च्या मानकात ही वेळ किमान १० मिनिटं सांगितली आहे. नंतर दुर्बीण कपाटात उभी टांगतात आणि बटणं, टोपी तिच्यावर लावत नाहीत, कारण लावली तर आतली हवा कोंडते आणि ओल तशीच राहते.

म्हणजे वाळण्यासाठी बटणं दुर्बिणीपासून वेगळी हवीत. पण ही बटणं कोणत्या दुर्बिणीची, हे कळण्यासाठी ती तिच्याजवळच हवीत. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध. दवाखान्यात सगळी बटणं एका घमेल्यात जातात त्यामागे आळस नसतो. पहिली मागणी पाळलेली असते, दुसरी कुणी सांगितलेलीच नसते.

आता हिशेब मांडून बघू. समजा तीन दुर्बिणी आहेत आणि दिवसभरात प्रत्येकीने चार, म्हणजे एकूण बारा रुग्ण तपासले. पहिल्या दुर्बिणीवरच्या दुसऱ्या रुग्णाला कावीळ सी असल्याचं नंतर कळलं आणि त्या वेळच्या धुण्याबद्दल शंका आली. बटणं ज्याची त्याला राहिली असतील तर त्या दिवसापुरते त्याच दुर्बिणीवरचे पुढचे दोघे बोलावून तपासायचे. बटणं मिसळली असतील तर तिन्ही दुर्बिणींवरचे पुढचे सगळे. तेही त्याच दिवशी कळलं तर. कावीळ सी रक्तात दिसायला काही आठवडे, कधी महिने जातात. तेवढ्या काळात ते एक बटण किती दुर्बिणींवर बसून आलं असेल, हे मामांनाही सांगता येणार नाही.

टेनेसीतला एक तुकडा

हा हिशेब कागदावरचा वाटत असेल तर अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं मर्फ्रीसबोरो बघा. तिथे माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय आहे. डिसेंबर २००८ मध्ये मोठ्या आतड्याची तपासणी चालू असताना पाण्याच्या जोडनळीत नको तो रंग दिसला. शोध घेतला तेव्हा कळलं की जोडनळीवर पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह हवा होता, पण तिथे दोन्हीकडून वाहू देणारा तुकडा बसवलेला होता. दिसायला जवळपास तसाच. त्यामुळे रुग्णाच्या आतड्यातला द्राव उलटा नळीत येऊ शकत होता. शिवाय ती जोडनळी दर रुग्णानंतर धुतली जात नव्हती.

चूक एका बोटाएवढ्या तुकड्याची. पण तो कधी बसवला, हे कोणत्याही नोंदीत नव्हतं. मग ते उपकरण वापरात आलं तेव्हापासूनचे, म्हणजे २००३ पासूनचे रुग्ण शोधणं आलं. मायामी आणि ऑगस्टा इथल्या तशाच रुग्णालयांतही उपकरणांच्या सफाईतले दोष निघाले आणि २००९ साली मिळून दहा हजारांहून जास्त माजी सैनिकांना ‘येऊन रक्त तपासून घ्या’ अशी पत्रं गेली. काहींच्या रक्तात कावीळ आणि एचआयव्हीचा संसर्ग सापडला. तो दुर्बिणीमुळेच झाला की आधीपासून होता, हे मात्र ठरवता आलं नाही.

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. माग ठेवला नाही तर दोष सिद्ध होत नाही आणि निर्दोषपणाही सिद्ध होत नाही. नोंद नसलेल्या दवाखान्याला आपली बाजू मांडायलाही काही उरत नाही.

बटणावर नाव कसं घालायचं?

पातेल्यासारखं कोरायचं? नको. बटणाचा दांडा केसभराच्या फटीत सरकतो. त्यावर ओरखडा काढला तर तो गळायला लागतो आणि ओरखड्यात मळ बसतो. चिकटपट्टीही नको, तिच्या कडेखाली ओल धरते. मार्करची शाई दोन धुण्यांत जाते.

इंग्लंडने यावर साधा तोडगा काढला. तिथे ‘मॅड काऊ’ आजाराच्या साथीनंतर प्रश्न अधिक गंभीर झाला होता, कारण त्या आजाराला कारण असलेलं बिघडलेलं प्रथिन नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. ग्लुटारल्डिहाइड तर त्याला आणखी घट्ट चिकटवतं. तेव्हा तिथल्या आरोग्यसेवेने नियम केला : एका दुर्बिणीची बटणं ही त्याच दुर्बिणीची. दुर्बीण आणि तिचे धुऊन पुन्हा वापरायचे सुटे भाग मिळून एक संच, आणि संच फोडायचा नाही. बटणांना नाव घालायच्या भानगडीत न पडता बटणं ज्या पिशवीत राहतात त्या पिशवीला नाव घातलं. लहानशी जाळीची पिशवी किंवा झाकणाचा सच्छिद्र डबा. त्यावर दुर्बिणीचा क्रमांक. धुताना, जंतुनाशकात, पाण्यात, वाळताना बटणं त्याच पिशवीत राहतात (घासण्यापुरती बाहेर येतात तेवढीच), आणि कपाटात पिशवी त्याच खुंटीवर लटकते जिथे तिची दुर्बीण लटकलेली आहे. हवा खेळते, ओळखही राहते. वरचा पेच एका जाळीच्या पिशवीने सुटतो.

मोठ्या रुग्णालयांत पिशवीवर बारकोड असतो. काही कंपन्या बटणं आणि टोप्या एकदाच वापरून टाकायच्या अशाच विकतात. रबरी टोपीबाबत मला ते पटतं, कारण चिमटा जाऊन जाऊन तिची चीर सैल होते आणि ती घासूनही नीट निघत नाही. धातूच्या बटणांबाबत खर्च आणि कचरा दोन्ही वाढतात. आपल्याकडच्या दवाखान्याला पिशवीच परवडणारी. तुकडा काढायचा चिमटा मात्र वेगळ्या हिशेबात धरायचा : तो आतलं अस्तर फोडतो, म्हणून तो पूर्ण निर्जंतुकच हवा, नाहीतर एकदाच वापरायचा.

सातबारा आणि फेरफार

पिशवीने ओळख टिकली, इतिहास नाही. त्याला रजिस्टर लागतं.

सातबारा आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगतो. ती त्याच्याकडे कशी आली हे कळायला फेरफार बघावे लागतात, एकामागून एक. दुर्बिणीचंही तसंच. कपाटावरची चिठ्ठी सांगते की हिचं जंतुनाशन झालं आहे. ते कुणानंतर, कुणी, कोणत्या डब्यातल्या द्रावणात केलं, हे फेरफाराचं काम.

द्रावणाचा डबाही नोंदीत हवाच. ग्लुटारल्डिहाइड किंवा ओपीए एकदा वापरात घेतलं की तेच द्रावण जास्तीत जास्त १४ दिवस चालतं. रोज त्यात दुर्बिणींसोबत थोडं पाणी येतं, ते पातळ होत जातं. म्हणून कागदी पट्टी बुडवून ताकद बघतात. पट्टी नापास झाली तर प्रश्न असा की मागच्या वेळी ती पास झाल्यापासून त्या डब्यात कोणकोणत्या दुर्बिणी बुडाल्या? नोंद दोन्ही बाजूंनी वाचता यायला हवी : रुग्णावरून दुर्बिणीकडे, आणि दुर्बिणीवरून किंवा डब्यावरून रुग्णांकडे.

┌─────────────────────
चौकट : रजिस्टरची एक ओळ
तारीख आणि तपासणी संपल्याची वेळ
रुग्णाचा केसपेपर क्रमांक (नाव नको, क्रमांक पुरे)
दुर्बिणीचा क्रमांक आणि पिशवीचा क्रमांक, दोन्ही जुळतात का
गळतीची चाचणी : पास / नापास
घासणाऱ्याची सही आणि वेळ
द्रावण कोणतं, डबा कधी उघडला, पट्टी पास का, किती मिनिटं बुडवलं
वाळवून टांगल्याची वेळ, कपाटाची खुंटी
बटण किंवा टोपी बदलली असेल तर नव्याचा लॉट क्रमांक
└─────────────────────

शेवटची ओळ सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते. मर्फ्रीसबोरोला नेमकी हीच नव्हती.

हे आपल्याकडे जमेल का?

धाराशिवचा माणूस दुर्बीण करायला सोलापूर, लातूर, बार्शी गाठतो, कधी पुणे. जिल्ह्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा ही वाट हळूहळू आखूड होईल. पण ‘वीज जाते, पाणी टँकरचं, माणसं कमी, आपल्याकडे कुठलं बारकोड’ हे उत्तर तयार असतं. पाण्याचं दुखणं खरंच आहे. बोअरच्या जड पाण्याने बटणाच्या खाचांत पांढरे क्षार धरतात, आणि शेवटचं धुणं साध्या नळाच्या पाण्याने केलं तर जंतुनाशनावर शब्दशः पाणी पडतं. तिथे गाळलेलं, निर्जंतुक पाणीच हवं. विजेचं कारण मात्र मला मान्य नाही. रजिस्टरला वीज लागत नाही.

माग ठेवणं या जिल्ह्याला नवीनही नाही. १९९९ साली इथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लियॉंची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. कुणाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, कुणाची पेशींची, कुणाची नुसती डोळ्यांनी पाहणी. एका गटाची तपासणीच झाली नाही, आणि त्यावरून पुढे टीकाही झाली, ती गैर म्हणता येणार नाही. पण माग ठेवण्याच्या अंगाने बघा. प्रत्येक नमुना कुणाचा, निकाल काय, पुढे त्या बाईचं काय झालं, हे आठ वर्षं वाडीवस्तीवरून शोधत राहिले. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून परंडा आणि भूमच्या गावांतही फिरत होती, ती सवय अंगवळणी पडलेली होती. २००९ मध्ये निकाल जगापुढे आला : एचपीव्ही चाचणीच्या एका फेरीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. सव्वा लाखावर बायकांचा माग सुटला असता तर हे वाक्य कुणालाच लिहिता आलं नसतं.

आज आपल्या गोठ्यातल्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर १२ आकडी नंबर. दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या जैविक कचऱ्याच्या पिशवीवर २०१६ च्या नियमांप्रमाणे बारकोड लागतो. म्हशीला नंबर आहे, कचऱ्याला नंबर आहे. माणसाच्या पोटात जाऊन आलेल्या बटणाला नसावा, हे मला तरी समजत नाही.

दुर्बिणीला घाबरून तपासणी टाळू नका. जठरातला व्रण किंवा गाठ वेळेवर दिसणं याचं मोल फार मोठं आहे, आणि नीट धुतलेल्या दुर्बिणीपासून धोका अगदी थोडा. फक्त तपासणीनंतर रिपोर्ट हातात आला की एकदा बघा, त्यावर दुर्बिणीचा क्रमांक लिहिला आहे का. नसेल तर सिस्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या, आणि कागद जपून ठेवा.